डाव्या गालावर, सहा मिलिमीटर

ज्योतीराम वाघचौरे यांनी आपल्या सख्ख्या नातीची खबर पोलिसांना दिली, तेव्हा नात त्यांच्याच मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याची काडी चावत होती.

खबर द्यावी लागते. आपल्या घरात परदेशी नागरिक मुक्कामाला असेल तर घरमालकानं तसं कळवायचं असतं. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. चिखलीत खाली दोन गाळे आणि वर दोन मजले असं घर बांधून बसलेल्या निवृत्त माणसाला हे कुणी सांगायला येत नाही. त्यातून तो परदेशी नागरिक चौदा महिन्यांचा असेल, त्याचं नाव तारा समाधान वाघचौरे असेल आणि तो रोज सकाळी आजोबांच्या चहात बिस्कीट बुडवून तिथंच सोडून देत असेल, तर आजोबांना संशय येण्याचं काही कारणच नसतं.

झालं होतं असं. ज्योतीरामांचा मुलगा समाधान कंपनीच्या कामावर रोमानियात तीन वर्षं होता. गेला एकटा, आले तिघं. बायको इरिना आणि पाच महिन्यांची तारा. दोघींचे पासपोर्ट तिकडचे. आल्यावर इरिनाची नोंदणी चाकणच्या कंपनीच्या एजंटानं करून दिली. त्यानं समाधानला विचारलं होतं, "फॅमिलीत अजून कोण?" समाधान म्हणाला, "आई आणि वडील." पाच महिन्यांच्या पोरीला त्यानं माणसात धरलंच नव्हतं.

नऊ महिने कुणाचं काही अडलं नाही. मग मार्चच्या पहिल्या दिवशी इरिनाच्या आईचा फोन आला. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं होतं. बाई गावात एकट्या राहणाऱ्या, इरिना त्यांची एकुलती एक. सतरा तारखेची तिकिटं काढली. समाधानच्या कंपनीत नवी लाइन सुरू होत होती, त्यामुळे त्याला रजा नव्हती. इरिना आणि तारा दोघीच जाणार आणि दोन महिन्यांनी परत येणार, असं ठरलं. तिकिटं हातात पडल्यावर एजंटाच्या लक्षात आलं की ताराची नोंदणीच नाही, आणि नोंदणी नसलेल्या परदेशी नागरिकाला विमानतळावरून बाहेर सोडत नाहीत. म्हणजे राहिली ती विनापरवाना, आणि जायचं म्हटलं तर परवाना नाही. एजंट म्हणाला, ऑनलाइन फॉर्म आहे, तुम्हीच भरा, आमच्या करारात लहान मुलं येत नाहीत.

"हे माझ्यावर सोडा," ज्योतीराम म्हणाले.

या वाक्यानंतर वाघचौऱ्यांच्या घरात नेहमी थोडी शांतता पसरते. याच वाक्यानंतर त्यांच्या जिन्याला एक पायरी जास्त झाली होती, आणि याच वाक्यानंतर घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर घरापर्यंतचा नकाशा इतका अचूक छापला होता की मजकुराला जागाच उरली नव्हती. पण ज्योतीरामांच्या बाजूनं हे सांगायला हवं की त्यांनी चौतीस वर्षं कारखान्यांच्या तपासणी खात्यात काढली होती. भोसरीत सुरुवात, चाकणला शेवट. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. निवृत्तीला कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी भिंतीवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारं एक डिजिटल व्हर्निअर आणलं. तेव्हापासून घरातल्या चपातीची जाडी, नळाच्या वॉशरचं भोक आणि दूधवाल्याच्या मापाचा व्यास यांवर त्यांची नजर असे.

नातीच्या फॉर्मचं कळताच पहिले वर आले ते अकबरभाई. खालच्या एका गाळ्यात त्यांचं दुचाकींचं गॅरेज. त्यांचे एक मेहुणे सौदीत दम्मामला असतात, त्यामुळे पासपोर्ट, व्हिसा आणि खजूर या विषयांत चिखलीत त्यांचा शब्द शेवटचा.

"ज्योतीरामभाऊ, एक गोष्ट ध्यानात ठेवा," अकबरभाई म्हणाले. "सरकारी फॉर्ममधी रकाना मोकळा सोडायचा नाही. मोकळा रकाना दिसला की कॉम्प्युटर फेकून देतो. माझ्या मेहुण्यानं एक रकाना सोडला, सहा महिने लटकला बिचारा."

"मला सांगता?" ज्योतीराम म्हणाले. "रिपोर्टमधला रकाना मोकळा असला तर मी अख्खा लॉट परत पाठवायचो."

अशा रीतीनं दोन जाणकारांचं एकमत झालं. पुढचे सगळे घोटाळे या एकमतातूनच निघाले.

फोटो काढायला ज्योतीराम ताराला घेऊन निघाले, बरोबर दुर्गाबाई. दुर्गाबाई म्हणजे ज्योतीरामांच्या मंडळी. करमाळ्याकडून लग्न होऊन आल्या त्याला चाळीस वर्षं झाली, पण त्यांची भाषा अजून एस.टी.तून उतरलेली नाही. उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी त्यांनी कमरेची पिशवी सोडली, काजळाची डबी काढली आणि उजव्या हाताची करंगळी ताराच्या डाव्या गालावर टेकवली. तीट लागली. पोर बाहेर न्यायची तर तीट ही लागायचीच. त्यात तारा गोरीपान आणि घाऱ्या डोळ्यांची. चिखलीतल्या बायका तिला रस्त्यात थांबवून बघत.

इरिनाचं यावर म्हणणं वेगळं होतं. लेकराच्या कातडीला काजळ चांगलं नाही, असं तिच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. ती सासूला तोंडावर काही बोलत नसे. तारा घरी आली की ओल्या रुमालानं गाल पुसून टाकी, एवढंच. दुर्गाबाईही काही बोलत नसत. पोर पुन्हा बाहेर निघाली की पुन्हा करंगळी टेकवत. नऊ महिने एक बाई लावत होती, एक पुसत होती, आणि घरात शांतता होती.

स्टुडिओ अकबरभाईंच्या पुतण्याचा, अफताबचा. परदेशी फोटोचे नियम त्यानं भिंतीवर चिकटवले होते. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसले पाहिजेत, डोळे उघडे, तोंड बंद, दुसरं माणूस फोटोत नको. चौदा महिन्यांच्या पोरीचं तोंड बंद असलं की डोळेही बंद असतात, आणि डोळे उघडे असले की सगळंच उघडं असतं. बावीस फोटो झाले. तेविसाव्याला दुर्गाबाई पांढऱ्या चादरीखाली शिरल्या, आतून नातीला धरलं आणि ज्योतीरामांनी समोर व्हर्निअर चमकवलं. तारा थक्क होऊन बघत राहिली आणि फोटो साधला.

"चाचा, हा गालावरचा टीका उडवून टाकू का?" अफताबनं कॉम्प्युटरवर बाण नेत विचारलं. "दोन सेकंदांचं काम हाय."

दोन सेकंदांत सगळं मिटलं असतं. पण ज्योतीराम ताठ झाले. त्यांना या क्षेत्रातला एकच गुन्हा माहीत होता, तो म्हणजे तपासणीच्या आधी पार्टवर हात फिरवणं.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "पोरीच्या गालावर हाय ते फोटोत पाहिजे. फोटोत हाय ते कागदावर पाहिजे. टचअप म्हणजे फसवणूक."

घरी येऊन ते फॉर्म भरायला बसले. भेटीचा हेतू या रकान्यात पर्यटन, व्यापार, शिक्षण, उपचार आणि इतर असे पर्याय होते. नातवंडपण हा हेतू कुणाला सुचला नव्हता. ज्योतीरामांनी 'इतर' निवडून पुढे 'राहणे' असं लिहिलं. भारतात नोकरी करणार का? नाही. यापूर्वी कोणत्या देशातून हद्दपार केलं होतं का? त्यांनी इरिनाला हाक मारून विचारलं आणि मगच 'नाही' लिहिलं. यजमानाशी ओळख कशी झाली? इथं ते थोडा वेळ थांबले. मग लिहिलं, 'मुलामार्फत.'

आणि मग तो रकाना आला. शरीरावरची दिसणारी ओळखखूण.

ताराच्या अंगावर खूण अशी काही नव्हती. पाठीवर, पोटावर, कानामागं, कुठंच नाही. 'नाही' लिहिता आलं असतं. पण फोटोत डाव्या गालावर काळा गोल ठिपका ढळढळीत दिसत होता. फोटोत ठिपका आणि कागदावर 'नाही', असा रिपोर्ट ज्योतीरामांनी चौतीस वर्षांत सही करून दिला नव्हता. तीट अजून पुसलेली नव्हती. त्यांनी व्हर्निअर आणलं, ताराच्या गालाला अलगद लावलं आणि आकडा वाचला. मग लिहिलं: 'डावा गाल, काळा गोल ठिपका, व्यास ६ मिलिमीटर.' फॉर्म गेला आणि कॉम्प्युटरनं हिरव्या अक्षरांत आभार मानले.

"बघा अकबरभाई," ज्योतीराम म्हणाले, "एक रकाना मोकळा नाही."

चौथ्या दिवशी सकाळी चौकशीला हवालदार आले. अकबरभाई गॅरेज सोडून त्यांच्या मागोमाग जिना चढले. एक पायरी जास्त असल्यामुळं हवालदार वर पोचताना अडखळले आणि त्यांची सुरुवातच जरा कडक झाली.

"परदेशी नागरिक कुठंय?"

"झोपलीय," ज्योतीराम म्हणाले.

"साडेदहा वाजता? उठवा."

"उठवलं की रडते हो."

"पोलीस आल्यावर सगळेच रडतात. उठवा."

दुर्गाबाई तारा घेऊन आल्या. तिला नुकतीच न्हाऊमाखू घातलेली, केस ओले, अंगाला साबणाचा वास. हवालदारांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा हातातल्या कागदाकडं पाहिलं आणि टोपी काढून घाम पुसला. तारानं टोपी मागून घेतली. त्यानंतर चौकशी बरीच मवाळ झाली.

"नाव तारा. वय एक वर्ष दोन महिने. बरोबर," हवालदार पुटपुटले. "व्यवसाय नाही. बरोबर. खूण, डावा गाल, काळा ठिपका." त्यांनी मान वाकडी करून डावा गाल पाहिला. मग चुकत असेल म्हणून उजवा पाहिला. "ठिपका कुठाय?"

"पुसला," इरिना मागून म्हणाली. तिनं मराठी दुर्गाबाईंकडून उचलली होती, त्यामुळं ती करमाळ्याची बोले. "म्या पुसला. रोज पुसती."

"पुसता येणारी खूण?"

"तीट हो ती," अकबरभाई मदतीला धावले. "बच्चेको नजर नही लगनी करके."

हवालदारांना तीट ठाऊक नव्हती अशातला भाग नाही. त्यांच्या घरीही एक दीड वर्षाचा होता. पण त्यांच्या कागदावर तीट नव्हती, खूण होती. "आजोबा, मला दिसतं तेच मी लिहिणार," ते म्हणाले. ज्योतीरामांची मान सवयीनं डोलली, कारण हे त्यांचंच तत्त्व होतं. हवालदारांनी लिहिलं, 'सदर खूण समक्ष पाहता आढळून आली नाही,' मिनतवारीनं टोपी सोडवून घेतली आणि गेले.

दोन दिवसांनी परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीचा निरोप आला. खुणेत तफावत आहे, खुलासा करा. ज्योतीरामांनी तीन पानी खुलासा लिहिला. त्यात काजळ कसं धरतात, ते कुठं लावतात, किती वेळ टिकतं आणि कशानं निघतं हे सविस्तर होतं. 'पुसणार' आणि 'लावणार' अशा दोन रकान्यांचा तक्ता होता. शेवटी 'सदर दोष तात्पुरता असून मूळ पार्ट निर्दोष आहे' असं वाक्य होतं. समाधाननं ते जेवताना वाचलं आणि तो पाणी प्यायला उठला.

उत्तर एका ओळीचं आलं. पुसता येणारी खूण ओळख म्हणून धरता येत नाही.

आता अकरा तारीख झाली होती. इरिना रोज संध्याकाळी आईला फोन करी आणि फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन उभी राही. तिची बॅग अर्धी भरलेली, दाराशी. ताराला टाकून ती जाणार नव्हती, पोर अजून अंगावर पीत होती. म्हणजे कागद आला नाही, तर तिकडं एक बाई एकटीच ऑपरेशनला जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

दुर्गाबाई मात्र या दिवसांत विलक्षण शांत होत्या. दुपारी चहाचा कप ठेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अडकलं तर अडकू द्या."

"काय?"

"कागुद. अडकू द्या म्हणते. एकडाव गेली की ती कशाला येतीया परत? आई हाय तिकडं, घर हाय. हितं काय हाय? आमी आन् तुमचं व्हर्निअर."

ज्योतीरामांनी चहा तसाच ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी या बाईला रडताना चार वेळा पाहिलं असेल. ही पाचवी होती.

मार्ग काढला अकबरभाईंनी. "जुना फॉर्म बिघडला ना? सोडून द्या. नवा भरा, नव्या फोटोचा. माझ्या मेहुण्यानं तसंच केलं." त्याचं पुढं काय झालं हे ज्योतीरामांनी विचारलं नाही, आणि अकबरभाईंनी आपण होऊन सांगितलं नाही. पुन्हा स्टुडिओ झाला, पुन्हा तेवीस फोटो झाले. या वेळी इरिना बरोबर होती, ओला रुमाल घेऊन. दुर्गाबाईंनी घरीच गुपचूप तळपायाला तीट लावून दिली, कारण तळपायाचा फोटो कुणी मागत नाही. अफताबला गालावर पुसायला काही न उरल्यानं त्यानं हौसेनं बाकीचा चेहराच उजळून दिला. फोटोतली पोर तारासारखी दिसत होती, पण दुधाच्या जाहिरातीत काम करणाऱ्या तारासारखी. खूण या रकान्यात ज्योतीरामांनी जड हातानं 'नाही' लिहिलं. कॉम्प्युटरनं याही वेळी आभार मानले.

चौदा तारखेला पुण्याच्या कचेरीतून फोन आला. सर्वांनी आजच समक्ष यावं. परदेशी नागरिकांसह. 'नागरिकांसह' हा शब्द फोनवर दोनदा आला, तेव्हा ज्योतीरामांनी दोन्ही फॉर्मच्या प्रती काढून शेजारीशेजारी ठेवल्या.

कचेरीतल्या मॅडम पन्नाशीच्या होत्या. चष्मा नाकावर खाली, समोर दोन फायली. त्यांच्या टेबलावर पेन, स्टेपलर आणि शिक्का इतक्या सरळ रेषेत होते की ज्योतीरामांना पाहताक्षणी आदर वाटला. समाधान शिफ्ट बुडवून आला होता. इरिनाच्या कडेवर तारा. दुर्गाबाई खुर्चीच्या अगदी टोकाला बसल्या होत्या.

"तुमच्या घरी परदेशी मुली किती?" मॅडमनी विचारलं.

"एक," ज्योतीराम म्हणाले.

"इथं दोन आहेत. एकीच्या गालावर ठिपका आहे, एकीच्या नाही. नाव एक, जन्मतारीख एक, पत्ता एक. जुळ्या आहेत का?"

"नाही."

"मग दुसरी कुठंय?"

"दुसरी म्हणजे पहिलीच."

"असं कसं? फोटो तर एकमेकींशी जुळत नाहीत." मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. अफताबच्या हौसेपुढं कुणाचं काय चालणार? "समजा ही गेली सतरा तारखेला. दुसरीची फाइल माझ्याकडं उघडी राहणार. सहा महिन्यांनी मला विचारतील, ती कुठंय. तिच्यावर नोटीस निघेल. तुमच्याच पत्त्यावर."

ज्योतीरामांच्या डोळ्यांसमोर आपल्याच नातीच्या नावानं आलेली आणि आपल्याच सहीनं घेतलेली नोटीस उभी राहिली. चौतीस वर्षांत एकही पार्ट परत आला नव्हता, आणि आता एक पार्ट जास्तीचा निघाला होता. त्यांनी खाली पाहिलं. "मॅडम, चूक माझी आहे," ते म्हणाले. "फोटोत होतं म्हणून लिहिलं. मी इन्स्पेक्शनला होतो."

मॅडमनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग पहिली फाइल उघडून ती ओळ पुन्हा वाचली. "सहा मिलिमीटर. मोजलं होतंत?"

"व्हर्निअरनं."

"हं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "दुसरा अर्ज चुकून केला म्हणून मागं घ्या, तो मी रद्द करते. राहिला पहिला. त्यात पोलिसांनी लिहिलंय, खूण आढळली नाही. मला समक्ष आढळली, तर मी तसं लिहीन. मला दिसेल तेच मी लिहिते. पण आढळायला हवी."

सगळ्यांनी ताराचा डावा गाल पाहिला. तो स्वच्छ होता. घरून निघताना दुर्गाबाईंनी करंगळी टेकवली होती आणि गाडीत बसल्याबरोबर इरिनानं सवयीनं रुमाल फिरवला होता.

दुर्गाबाईंच्या कमरेला पिशवी होती, पिशवीत डबी होती. त्यांनी हात पिशवीवर नेला आणि तिथंच ठेवला. ज्योतीराम त्यांच्याकडं बघत होते. ही करंगळी टेकली की पोर जाणार आणि नाही टेकली तर राहणार; आणि दुर्गाबाईंच्या मनात काय आहे, हे त्या खोलीत त्या दोघांनाच ठाऊक होतं. सरकारनं इतकी मोठी गोष्ट आजवर दुर्गाबाईंवर कधी सोपवली नव्हती.

इरिनाचा फोन वाजला. तिनं नाव पाहून तो घाईनं बंद केला, पण दुर्गाबाईंनी पाहिलंच. पडद्यावरच्या फोटोत एक म्हातारी, डोक्याला रुमाल बांधलेली, काठी धरून दारात उभी.

"तुजी आई व्हय?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"व्हय."

"एकटीच हाय?"

"एकटीच हाय, आई."

दुर्गाबाईंनी डबी काढली. "हिकडं आन तिला," त्या म्हणाल्या. करंगळी डबीत बुडाली आणि ताराच्या डाव्या गालावर टेकली. मॅडम उठून टेबलाच्या या बाजूला आल्या, वाकल्या आणि बघितलं.

"हा ठिपका कायमचा आहे का?"

"मी जित्ती हाय तवर कायमचाच," दुर्गाबाई म्हणाल्या.

मॅडम खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी लिहिलं, 'सदर खूण समक्ष आढळून आली,' आणि शिक्का मारला. मारून झाल्यावर शिक्का पुन्हा त्या सरळ रेषेत ठेवला. "विमानतळावर पण दिसायला हवा हां," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा तसाच सरळ होता. "येताना पण. कागदावर आहे."

बाहेर जिन्यात इरिनानं ओला रुमाल पर्समध्ये तळाशी घातला. "आई," ती म्हणाली, "म्या न्हाई पुसणार. मला शिकवा."

पंधरा आणि सोळा तारखेला वाघचौऱ्यांच्या घरात प्रशिक्षण चाललं. दुर्गाबाईंनी जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं दहा तिटा लावून दाखवल्या. ज्योतीरामांनी सवयीनं त्या मोजल्या. सगळ्यात लहान पाच पूर्णांक नऊ, सगळ्यात मोठी सहा पूर्णांक एक. त्यांनी पुन्हा मोजल्या. चाकणला जर्मनीहून आणलेलं मशीन होतं, तेही एवढं नेमकं चालत नसे. चाळीस वर्षं हे मशीन आपल्या घरात होतं आणि आपण चपातीची जाडी मोजत बसलो, या विचारानं ते जरा ओशाळले. इरिनाच्या तिटा मात्र कुठं चार, कुठं अकरा, एक तर लांबट. दुर्गाबाई तिची करंगळी आपल्या हातात धरून टेकवायला शिकवत होत्या. लोकांना वाटलं असतं की बाराखडी गिरवणं चाललंय.

सतराला मुंबईच्या विमानतळाच्या दाराशी निरोप देताना दुर्गाबाईंनी शेवटची तीट लावली. ज्योतीरामांनी ती तपासून मान हलवली. मग दुर्गाबाईंनी डबी बंद केली आणि इरिनाच्या हातात ठेवली. दुर्गाबाईंच्या आईनं दिलेली पितळी डबी ती. "मला दुसरी हाय," त्या म्हणाल्या. दुसरी नव्हती.

तासाभरानं आतून इरिनाचा फोन आला. सुटलो, म्हणाली.

"ठिपका बघितला का त्यांनी?" ज्योतीरामांनी विचारलं.

"न्हाई. कुणीबी न्हाई बघितला. तारानं त्यांचा पेन घेतला फक्त."

ज्योतीरामांनी फोन ठेवला आणि मनात बेरीज केली. दोन फॉर्म, सेहेचाळीस फोटो, तीन पानी खुलासा, आणि शेवटच्या टेबलावर तपासणीच नाही. परतीच्या वाटेवर रावेतपर्यंत ते देशातल्या तपासणीच्या दर्जाबद्दल बोलत होते. दुर्गाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा एक हात कमरेच्या मोकळ्या पिशवीवर होता.

वीस तारीख गेली. ऑपरेशन नीट झाल्याचा निरोप आला. फोटो मात्र आला नाही. इरिना दवाखान्यात, घाईत. दुर्गाबाई काही विचारत नव्हत्या, पण रोज संध्याकाळी त्या फोन पुसून ठेवत. चोवीस तारखेला तिकडून व्हिडिओ लागला. अकबरभाई खालून धावत आले, कारण परदेशाशी संबंधित सर्व कामांत त्यांचं असणं आता ठरून गेलं होतं.

पडद्यावर पलंग होता. पलंगावर उशांना टेकून डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी बसली होती आणि तिच्या शेजारी तारा. ताराच्या उजव्या मनगटाला लाल दोरा होता.

"दोरा कसला गं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"माझ्या आईनं बांधला," इरिना म्हणाली. "हितं सगळी तिला लई बघत्यात. नजर लागू नये म्हणून."

दुर्गाबाई नवऱ्याकडं वळल्या. "बघा," त्या म्हणाल्या. "तिकडंबी हाय."

मग इरिनानं फोन जवळ नेला. ताराचा डावा गाल पडद्यावर मोठा झाला. त्यावर एक काळा, वेडावाकडा, एका बाजूनं ओघळलेला ठिपका होता. आज सकाळचाच. कुणी कागद मागितला नव्हता, कुठं जायचं नव्हतं, पोर घरातच होती.

ज्योतीरामांचा हात सवयीनं खिशात गेला. त्यांनी व्हर्निअर काढलं, फोनच्या काचेला लावलं आणि चष्मा वर करून आकडा वाचला.

"नऊ," ते म्हणाले. "आणि गोलाई नाही. रिजेक्ट होणार हा."

दुर्गाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि दुसऱ्या हातानं व्हर्निअर बाजूला सारलं.

"पास करा," त्या म्हणाल्या. "पास करा म्हणते ना."